बाथरूमची टाइल परत सुटली? आधी तिची पाठ बघा, मग बादली की बॅग ते ठरवा

पावसाळा अर्धा सरला की आमच्या चिपळूणच्या दुकानात एक तक्रार हटकून येते. गिऱ्हाईक कापडी पिशवीतून टाइलचा तुकडा काढतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "वहिनी, परत सुटली." मी त्या 'परत'कडे नीट लक्ष देते. एकदा सुटली तर कुठेतरी हात चुकला असेल. पण तीच जागा दुसऱ्यांदा सुटली, तर पहिल्या वेळी कारण न शोधता नुसती टाइल चिकटवून दिली, हे नक्की.

गेल्या श्रावणात खेडकडचे एक काका असेच आले. बाथरूम दोन वर्षांपूर्वी नव्याने केलेलं, भिंतीला दोन बाय चार फुटांची विट्रिफाइड टाइल. गीझरखालची एक टाइल रात्री कोसळली. अशी एक टाइल साधारण १५ किलोची असते. सकाळी त्याच जागी पाट मांडून नातवाला आंघोळ घालतात, हे सांगताना काकांचा आवाज बदलला. आदल्या वर्षी तीच टाइल हलायला लागली होती. तेव्हा मिस्त्री आला आणि उरलेल्या तयार अ‍ॅडहेसिव्हने, म्हणजे टाइल चिकटवायच्या बादलीतल्या तयार मालाने, बसवून गेला. "बादलीतलं महाग होतं हो, स्वस्तातलं नाही आणलं आम्ही," काका म्हणाले.

मी तुकडा उलटा केला. पाठीवर पांढऱ्या मालाचे पट्टे. कडेचा दोन बोटं रुंद भाग रबरासारखा घट्ट झालेला. मधल्या भागावर अंगठ्याचं नख दाबलं तर ते सरळ आत रुतलं. वर्ष उलटून गेलं होतं, तरी नखाखाली ओलसर, मलईसारखा माल आला. वाससुद्धा नव्या बादलीचं झाकण उघडल्यावर येतो तोच.

काकांनी माल चांगलाच आणला होता. तो त्या जागी चालणारा नव्हता, एवढंच.

बादलीतलं सुकतं, बॅगेतलं धरतं

दोन्हींना दुकानात 'टाइलचं केमिकल' म्हणतात, म्हणून लोकांना वाटतं की एक तयार आणि दुसरं घरी कालवायचं, फरक तेवढाच. तसं नाही. बादलीतलं रेडीमिक्स म्हणजे पाण्यात विरलेलं अ‍ॅक्रिलिकसारखं पॉलिमर आणि त्यात बारीक भुकटी. त्यातलं पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटतात आणि माल घट्ट होतो. पाणी गेलं नाही तर काहीच होत नाही. महिना जाऊ दे, वर्ष जाऊ दे.

बॅगेतली पावडर म्हणजे सिमेंट, चाळलेली रेती, पॉलिमरची भुकटी आणि पाणी धरून ठेवणारा सेल्युलोजचा घटक. इथे सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होते आणि माल आतून दगड होत जातो. त्याला हवा लागत नाही, पाणी लागतं. तो सेल्युलोजचा घटक घातलेला असतो तोच मुळी पाणी लवकर पळू नये म्हणून.

म्हणून निवड करताना मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते: टाइलमागचं पाणी जाणार कुठून? भिंतीत शिरेल, टाइलमधून झिरपेल, की सांध्यांतून उडेल? स्वयंपाकघरातली लाल मातीची लहान सिरॅमिक टाइल पाठीमागून तहानलेली असते. मानकांच्या वर्गवारीत अशा भिंतीच्या टाइलचं जलशोषण १० टक्क्यांच्या वर धरतात. विट्रिफाइडचं अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे विट्रिफाइड टाइल पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ काचच. त्यातून बाथरूमच्या भिंतीला वॉटरप्रूफिंगचा थर मारलेला असतो, आणि तो मारायलाच हवा. मग पुढून काच, मागून रबर आणि मध्ये ओला माल. पाणी फक्त सांध्यातून निघू शकतं. दोन बाय चारच्या टाइलच्या मध्यापासून सगळ्यात जवळचा सांधा एक फूट लांब आहे. वर जुलैतली कोकणातली हवा, जिच्यात दोरीवरचा पंचा दोन दिवस सुकत नाही.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. काका येऊन गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत विट्रिफाइड टाइलचा दोन फुटी तुकडा घेतला, दातेरी थापीने त्यावर बादलीतला माल ओढला आणि वर खिडकीची जुनी काच दाबून ठेवली. काचेतून आत दिसतं, हा फायदा. चौथ्या दिवशी कडेला बोटभर पट्टा फिकट झाला. तीन आठवड्यांनी तो जेमतेम तीन बोटं रुंद होता. मधला सगळा भाग पहिल्या दिवशीसारखा चकचकीत. काच सरकवली तर ती श्रीखंडावरून सरकावी तशी सरकली. शेजारीच पावडरचा तसाच तुकडा केला होता. त्याची काच दुसऱ्या दिवशी हलेना आणि नंतर काढायला गेले तर फुटली. आता कोणी वाद घालायला आलं की मी ते दोन्ही तुकडे पुढे ठेवते.

सुटलेल्या टाइलची पाठ वाचा

बादलीतलं वाईट आणि बॅगेतलं चांगलं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. बॅगेने लावलेल्या टाइलसुद्धा माझ्या काउंटरवर येतात. कारण पाठ सांगते. म्हणून तुकडा फेकू नका, आणि भिंतीवरची ती जागा मिस्त्री खरवडायच्या आधी मोबाइलवर तिचा फोटो काढा.

माल मऊ आहे, नख रुततं, हात लावला तर पांढरा होतो: बादलीतला माल, सुकलाच नाही. किंवा सुकला होता, पण सांध्यातून पाणी जाऊन पुन्हा मऊ झाला. शंका असेल तर मालाची कडक खपली काढून रात्रभर वाटीभर पाण्यात ठेवा. सिमेंटचा माल सकाळी तसाच असतो. बादलीतला पुष्कळदा फुगतो, बोटाने चिवडता येतो.

पाठ स्वच्छ आहे आणि सगळा माल भिंतीवर राहिलाय: याची दोन कारणं, ओळखायला सोपी. भिंतीवरच्या मालाच्या रेघा तशाच्या तशा उभ्या दिसत असतील, चपट्या झाल्या नसतील, तर माल ओढून ठेवला आणि टाइल उशिरा लावली. वर साय धरली होती, टाइल नुसती त्या सायीवर टेकली. रेघा चपट्या झाल्यात पण पाठीला काहीच लागलं नाही, तर टाइलच्या पाठीवरून बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी हाताला लागेल. भट्टीत टाइल रुळांना चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला ती लावलेली असते. मोरबीहून येणाऱ्या विट्रिफाइड टाइलच्या खोक्यांत ती मला नेहमी दिसते. लावण्याआधी ती ओल्या फडक्याने किंवा तारेच्या ब्रशने काढायची असते. आमच्याकडचे जुने मिस्त्रीही हे करत नाहीत, कारण त्यांनी आयुष्यभर पाणी पिणारी सिरॅमिक टाइल लावली आणि तिला हे नखरे नव्हते.

टाइलला माल आणि मालाला भिंतीचं काहीतरी चिकटून आलंय: भिंतच कच्ची. डिस्टेंपर, पुट्टी, चुना, भुसभुशीत प्लास्टर, जे आलं असेल ते. यात अ‍ॅडहेसिव्हला दोष देऊ नका, त्याने आपलं काम केलं.

पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे: हे पाहिलं की मला वाईटच वाटतं. माल चांगला, माणूस कष्टाळू, आणि टाइलचा निम्म्याहून जास्त भाग हवेत. मागच्या पोकळीत पाणी साठतं, ठोकलं की ढब आवाज येतो आणि कोपऱ्यावर भांडं आपटलं की टाइल तडकते. अमेरिकेतल्या टाइल उद्योगाच्या मानकात कोरड्या जागी किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ मालाने भरलेली हवी असं धरलंय. गोळ्यांनी ते होणं शक्यच नाही.

मग बादली कुठे?

मी बादली विकते, आणि काही कामांना आग्रहाने देते. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या तीन-चार सिरॅमिक टाइल बदलायच्या आहेत, घरात माणसं राहतायत, सिमेंटची धूळ नको: बादली. कोरड्या भिंतीवर, पाणी शोषणाऱ्या प्लास्टरवर लहान टाइल, थर पातळ: बादली. प्लायवर किंवा जिप्सम बोर्डवर कोरड्या जागी हलकी टाइल: बादलीवर तसं लिहिलेलं असेल तर बादली. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर असतं. त्यावर सिमेंटची पावडर थेट लावू नये, सिमेंट आणि जिप्सम यांची आपसात प्रक्रिया होऊन मधला थर सुटतो. आधी प्रायमर लागतो. तिथे कोरड्या भागात बादली सोयीची पडते. शिवाय अर्धी बादली झाकण घट्ट लावून ठेवली तर पुढच्या कामाला येते. उघडलेली पावडरची बॅग आमच्या हवेत पंधरवड्यात खडे धरते.

पण शॉवरची भिंत, बाथरूमची जमीन, गच्ची, बाहेरची भिंत, पाण्याची टाकी, वॉटरप्रूफिंगवरचं कुठलंही काम, जुन्या टाइलवर नवी टाइल, आणि एक फुटापेक्षा मोठी विट्रिफाइड टाइल कुठेही: इथे बॅगच. बहुतेक बादल्यांवर टाइलच्या मापाची मर्यादा छापलेली असते, पण ती इतक्या बारीक अक्षरात की दुकानदारानेच मोठ्याने वाचून दाखवायला हवी. युरोपीय खुणेत डी म्हणजे बादलीतलं, सी म्हणजे सिमेंटचं. डी२ हे डी१ पेक्षा पाण्याला जास्त टिकतं, पण आधी सुकावं तर लागतंच. सी१ ला दर चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन ओढ सहन करावी लागते, सी२ ला एक न्यूटन. चौरस मिलिमीटरला एक न्यूटन म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो.

आपल्याकडे आयएस १५४७७ हे मानक आहे. २०१९ च्या आवृत्तीत अ‍ॅडहेसिव्हचे १ ते ५ असे प्रकार आहेत. टाइप १ साध्या सिरॅमिकपुरतं. विट्रिफाइडला किमान टाइप २ घ्या. मोठी टाइल, ओली जागा किंवा बाहेरची भिंत असेल तर टाइप ३ किंवा ४ बघा. आकड्यापुढे टी असेल तर टाइल भिंतीवरून खाली घसरत नाही. उभ्या कामाला तो टी हवाच.

बॅग आणूनही टाइल सुटते, ती इथे

काकांना मी बॅग दिली, पण नुसती बॅग देऊन पाठवलं नाही. मिस्त्रीला फोन लावायला सांगितला. कारण पावडरमध्ये चुकायला बादलीपेक्षा जास्त वाव आहे. सगळ्यात मोठी चूक पाण्याची. घमेल्यात पावडर ओतायची, तांब्याने पाणी घालायचं आणि 'हाताला लागेल' तसं कालवायचं, ही सिमेंट-रेतीची सवय. माझ्याकडच्या बहुतेक २० किलोच्या बॅगांवर साडेचार ते साडेपाच लिटरच्या दरम्यान पाणी लिहिलेलं असतं. नेमका आकडा आपापल्या बॅगेवर बघायचा. आधी बादलीत मोजून पाणी, मग पावडर, आणि ड्रिलला पॅडल लावून हळू वेगात फिरवायचं. मग हात लावायचा नाही. पाच-दहा मिनिटं माल मुरू द्यायचा आणि पुन्हा एकदा फिरवायचा. पुरणाची कणीक मुरल्याशिवाय कोणी लाटायला घेत नाही, तसंच हे. न मुरवलेला माल थापीवर घट्ट वाटतो, म्हणून मिस्त्री वरून पाणी घालतो आणि तिथेच त्याची ताकद निम्मी करून बसतो.

घट्ट होऊ लागलेल्या मालात दुपारी पुन्हा पाणी घालून तो चालवणं हे त्याहून वाईट. सिमेंटने एकदा धरायला सुरुवात केली की ती धरण मोडायची नसते. तो माल टाकून द्या. म्हणून एका वेळी अर्धीच बॅग कालवा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. माल पुरवायला त्यात गोणीतलं सिमेंट मिसळणारेही आहेत. अशाने पॉलिमर पातळ होतं आणि हाती उरतं ते महागडं सिमेंट.

जांभ्या चिऱ्याच्या घरांचं वेगळं सांगायला हवं. चिऱ्याच्या भिंतीवरचं जुनं प्लास्टर उन्हाळ्यात इतकं कोरडं असतं की लावलेल्या मालातलं पाणी ओढून घेतं. मग सिमेंटला पाणीच उरत नाही आणि माल धरण्याऐवजी भुगा होतो. अशा भिंतीला प्रायमर मारा किंवा ओल्या ब्रशने पुसून घ्या. भिंत दमट हवी, पाणी ओघळता कामा नये. आणि उलटही तितकंच खरं. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. त्यानंतर तळमजल्याच्या पुष्कळ भिंती वरून कोरड्या दिसत होत्या आणि आतून ओल्या होत्या. लोकांना घर लवकर उभं करायचं होतं, कोण थांबणार? मी कोणाला दोष देत नाही. पण भिंतीची शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस द्या.

थापीने माल ओढताना रेघा एकाच दिशेने सरळ ओढा, गोल फिरवू नका. टाइल टेकवल्यावर ती रेघांना आडवी, पुढेमागे अशी थोडी सरकवून दाबा, म्हणजे रेघा बसतात आणि मधली हवा बाहेर जाते. मोठ्या टाइलला पाठीलाही पातळ हात मारा. दर दहा-पंधरा टाइलमागे एक टाइल लावल्या लावल्या काढून तिची पाठ बघा. आमच्या मिस्त्र्यांना हे सांगितलं की सुरुवातीला राग येतो, 'माझ्यावर भरवसा नाही का' म्हणतात. पण एकदा पाठ अर्धी कोरडी निघाली की पुढची टाइल ते स्वतःहून काढून बघतात.

आणि सांधा ठेवा. टाइलला टाइल भिडवून 'जॉइंट दिसता नये' अशी मागणी आपणच करतो. ऊन लागणाऱ्या भिंतीवर आणि गच्चीवर टाइल फुगते, तिला सरकायला जागा लागते. निदान दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट (सांधे भरायचा माल) भरू नका, सिलिकॉन भरा.

आधीच लावलेल्या टाइलचं काय

काकांच्या बाथरूमला मिस्त्रीबरोबर मीही गेले. नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहिली आणि जिथे ढब वाजली तिथे खडूने फुली मारली. कोपरा थोडा पोकळ वाजला म्हणून टाइल लगेच काढायची गरज नसते. पण इथे माल मऊ असल्याचं माहीत होतं, त्यामुळे कमरेच्या वरच्या सगळ्या फुलीवाल्या टाइल काढायच्या ठरल्या. अकरा निघाल्या. सांध्यातून पांढऱ्या सिमेंटचं पाणी सोडून पोकळी भरून देतो असं कोणी म्हणालं, तर इथे ते करू देऊ नका. ओला माल मागे तसाच राहतो.

टाइल काढल्यावर भिंतीवरचा बादलीचा माल पुरता खरवडावा लागला. त्यावर नवी पावडर लावली असती तर ती त्या मऊ थरालाच चिकटली असती. खरवडताना वॉटरप्रूफिंग दोन ठिकाणी फाटलं. तो थर दुरुस्त करून सुकेपर्यंत काम थांबवलं, आणि काकांना तीन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागलं. मग टाइप ३ टी, पाठी पुसून, दातेरी थापीने. ग्राउट दुसऱ्या दिवशी, आणि पहिली आंघोळ बॅगेवर लिहिलेले दिवस मोजून. गणपतीच्या आधी काकांचा फोन आला, मोदकाला या म्हणून. गेले तेव्हा मी आधी बाथरूममध्ये जाऊन गीझरखालची टाइल नाण्याने ठोकून पाहिली. आवाज भरीव आला.

तुमचीही परत सुटली असेल तर दुकानात येताना तीन गोष्टी आणा: टाइलचा तुकडा, भिंतीवरच्या त्या जागेचा फोटो, आणि उरलेली बादली किंवा बॅग, निदान तिच्या छापील मजकुराचा आणि तारखेचा फोटो. आणि तुकडा आणताना त्याची पाठ धुऊन आणू नका.